इंटेलिजन्स ब्युरोला कायदा द्या, संसदेला उत्तरदायी करा : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : देशांतर्गत गुप्तवार्तेच्या कामावर संसदेची देखरेख असण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

१ जुलै २०२४ रोजी देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. १८६० ची दंडसंहिता गेली आणि १८७२ चा साक्षीपुराव्याचा कायदाही गेला. परक्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेली चौकट स्वतंत्र देशाने का वागवायची, असे सरकारने तेव्हा विचारले होते. तो प्रश्न मला पटला होता, आजही पटतो. म्हणूनच तो आपल्या मंत्रालयातल्या एका यंत्रणेबद्दल विचारतो आहे. २३ डिसेंबर १८८७ रोजी लंडनमधल्या भारतमंत्र्यांच्या आदेशाने जन्मलेल्या इंटेलिजन्स ब्युरोसाठी (आयबी) स्वतंत्र भारताच्या संसदेने आजवर कायदा केलेला नाही.

संसदेला अधिकार नाही म्हणून हे राहिले, असे नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्र सूचीतल्या आठव्या नोंदीत, केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५० पासून हा विषय संसदेच्या हातात आहे. तरीही आयबीने काय करावे, काय करू नये, कोणाच्या आदेशावरून करावे आणि चुकले तर कोणाला जाब द्यावा, हे सांगणारे एकही कलम संसदेने लिहिलेले नाही. कायद्याच्या पुस्तकांत आयबीचे नाव येते ते मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ खालची सूट. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता ती संस्था त्या कायद्याबाहेर आहे. दुसरे म्हणजे १९८५ चा कायदा, जो गुप्तचर संघटनांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या आणि बोलण्याच्या हक्कांवर मर्यादा घालतो. म्हणजे कर्मचाऱ्यांनी काय करायचे नाही हे संसदेने ठरवले, संस्थेने काय करायचे नाही हे मात्र ठरवले नाही.

सीबीआयचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १ एप्रिल १९६३ च्या सरकारी ठरावावर उभी असलेली ती संस्था नोव्हेंबर २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली म्हणून कामकाज चालू राहिले. सीबीआयच्या पाठीशी निदान १९४६ चा दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा तरी होता. आयबीच्या पाठीशी तेवढेही नाही.

हे एका पक्षाविरुद्धचे गाऱ्हाणे नाही, हे आपल्याला सर्वांत चांगले ठाऊक असेल. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कुटुंबावर आयबीने १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे पाळत ठेवली, हे २०१५ मध्ये फायली बाहेर आल्यावर देशाला कळले. कोलकात्यातल्या वुडबर्न पार्क आणि एल्गिन रोडवरच्या घरांत येणारी-जाणारी पत्रे मधेच उघडली जात. त्यांच्या नकला करून फायलींना लावल्या जात. नेताजींचे पुतणे शिशिरकुमार आणि अमियनाथ कुठे जातात, कोणाला भेटतात, याच्या नोंदी होत. ही दोघेजण कोणत्या गुन्ह्यातले संशयित होते? देशाला त्यांच्यापासून कोणता धोका होता? वीस वर्षांत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला एकही माणूस सरकारबाहेर नव्हता. ज्या संसदेत त्या काळी दिग्गज बसत होते, तिलाही हे माहीत नव्हते. कळले तेव्हा दोघेही भाऊ हयात नव्हते.

पुढचा इतिहास सर्वांच्या आठवणीतला आहे. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना सापडले आणि त्यावरून चंद्रशेखर सरकार गेले. विरोधात असताना प्रत्येक पक्षाने या यंत्रणांबद्दल तक्रार केली आहे, आणि सत्तेत आल्यावर प्रत्येकाने त्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत. आपण स्वतः दोन्ही बाजूंना बसलेले आहात.

यावर मंत्रालयाचे नेहमीचे उत्तर असे असते की, देखरेख आहेच. गृहसचिवांच्या आदेशाशिवाय फोन टॅप होत नाही आणि त्या आदेशांची छाननी करायला समिती आहे. ही समिती कशी काम करते ते जरा जवळून पाहू या. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सरकार स्वतःचे नियम करेपर्यंत म्हणून, पुनर्विलोकन समितीची व्यवस्था घालून दिली. २००७ मध्ये नियम आले, २०२४ च्या डिसेंबरात दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले, पण गाभा तोच राहिला. केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष, आणि सोबत आणखी दोन सचिव. न्यायाधीश नाही, खासदार नाही. एका सचिवाने काढलेले आदेश दुसऱ्या तीन सचिवांनी तपासायचे, दोन महिन्यांतून किमान एकदा बसून.

आता आकडे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात माहिती अधिकारातून मिळालेली एक माहिती नोंदवली आहे : एकटे केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार असे आदेश काढते. म्हणजे दोन महिन्यांनी भरणाऱ्या प्रत्येक बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश. हे काम वास्तवात होण्यासारखे नाही, असे त्या समितीने स्वच्छ म्हटले. मी साधा भागाकार केला. तिन्ही सचिवांनी दुसरे कोणतेही काम न करता सलग आठ तास दिले, तर एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्यात आदेशावरचे नावसुद्धा नीट वाचून होत नाही, मग कारण योग्य आहे का, दुसऱ्या मार्गाने माहिती मिळाली असती का, हे कधी तपासायचे? हे तिन्ही अधिकारी कर्तव्यदक्ष असतील, मला शंका घ्यायची नाही. त्यांच्याकडून जे मागितले आहे तेच अशक्य आहे. भर म्हणजे, कामासाठी लागणार नाहीत अशा नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करायच्या, हेही नियमातच आहे. उद्या कोणाला संशय आला आणि तो विचारायला गेला, तर बहुधा कागदच उरलेला नसतो.

संसदेकडे आज काय आहे? गृह मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या पाहणारी स्थायी समिती आहे, पण दैनंदिन कारभारात शिरायचे नाही असा नियम तिच्यावर आहे, आणि राज्याच्या सुरक्षेचे कारण देऊन सरकार तिला कागद नाकारू शकते. प्रश्नोत्तराच्या तासात गोपनीय विषयावर प्रश्नच घेतला जात नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आयबीसाठी सुमारे ३,९०० कोटी रुपये होते. ते मंजूर करणाऱ्या सभागृहाला त्या पैशातून काय झाले हे विचारण्याची जागा नाही. जुलै २०२१ मध्ये पेगॅसस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निमित्ताने माहिती-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने गृह मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावले, तेव्हा ते आलेच नाहीत, आणि गणपूर्तीअभावी बैठकही पुढे सरकली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच होते असे ठरले नाही. केंद्राने सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. न्यायालयालाही जिथे दार उघडत नाही, तिथे सामान्य नागरिकाने जायचे कुठे?

इतर लोकशाही देशांनी ही वाट काढली आहे, आणि तीही ठेच लागल्यावरच. अमेरिकेत एफबीआयने १९५६ ते १९७१ या काळात स्वतःच्याच नागरिकांविरुद्ध गुप्त मोहीम चालवली. मार्टिन ल्यूथर किंग यांना जीव देण्यास सुचवणारे निनावी पत्रसुद्धा त्या संस्थेने पाठवले. हे सारे १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने खणून काढले. त्यानंतर दोन्ही सभागृहांत गुप्तवार्तेच्या कायम समित्या आल्या, १९७८ मध्ये पाळतीसाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक करणारा कायदा आला आणि एफबीआयच्या प्रमुखाची मुदत दहा वर्षांवर बांधली गेली, कारण एडगर हूवर ४८ वर्षे त्या खुर्चीत होते. कॅनडात पोलिसांच्याच सुरक्षा शाखेने १९७२ मध्ये क्युबेकमध्ये एक कोठार जाळले आणि पुढच्याच वर्षी एका राजकीय पक्षाची सदस्ययादी चोरली. चौकशी आयोगानंतर १९८४ मध्ये त्यांनी पोलिसांकडून गुप्तवार्तेचे काम काढून घेतले आणि कायद्याने वेगळी संस्था उभी केली. ब्रिटनने आपल्या एमआय-५ ला १९८९ मध्ये कायदा दिला आणि १९९४ मध्ये खासदारांची समिती नेमली. ज्यांच्याकडून आपण आयबी घेतली, त्यांनी आपले घर सावरले आहे.

देखरेख आली की गैरवापर थांबतो, असा माझा दावा नाही. एफबीआयने २०२० आणि २०२१ च्या सुरुवातीच्या काळात एका पाळत-माहितीसाठ्यात २,७८,००० हून अधिक वेळा नियमबाह्य शोध घेतल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. पण ते उघड झाले. मोजले गेले, न्यायालयासमोर आले, आणि त्या पाळतीच्या कायद्याची मुदत वाढवताना तिथल्या काँग्रेसमध्ये त्यावर कडाक्याची चर्चा झाली. आपल्याकडचा असा आकडा किती, हे सरकारबाहेर कोणालाही सांगता येणार नाही.

खासदारांच्या हाती गुपिते गेली तर ती फुटतील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सीमेवर आणि शहरांत जिवावर उदार होऊन काम करणाऱ्यांची नावे बाहेर जाणे कोणालाच परवडणारे नाही. पण समिती लहान असू शकते, दोन्ही सभागृहांतून निवडलेल्या मोजक्या सदस्यांची, गोपनीयतेच्या शपथेने बांधलेली. चालू मोहिमा तिच्या कक्षेबाहेर ठेवता येतील. जर्मनीत असे संसदीय मंडळ घटनेतच लिहिलेले आहे. आणि आपल्याकडे सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून, मिनू मसानी यांच्यापासून, विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. त्याने देश बुडाला नाही. समितीत पक्षीय भांडणे होतील, ही भीती मात्र खरी आहे, २०२१ च्या पेगॅसस बैठकीत ती दिसलीही. म्हणूनच अधिकाऱ्याने हजर राहणे आणि कागद दाखवणे हे सौजन्यावर न सोडता कायद्यात बांधले पाहिजे.

एका गोष्टीकडे आपण विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. आज आयबीतल्या एखाद्या अधिकाऱ्याला अमुक नेत्यावर, अमुक पत्रकारावर नजर ठेवा, असा तोंडी आदेश मिळाला, तर तो कशाच्या आधारावर नाही म्हणेल? दाखवायला कलम नाही, तक्रार करायला जागा नाही, संघटना करायची नाही, बाहेर बोलायचे नाही. कायदा असता तर तो त्याच्या पाठीशी उभा राहिला असता. या मागणीत मला सर्वांत जवळचा मुद्दा हाच वाटतो. कायद्याची मागणी घेऊन कर्नाटक उच्च न्यायालयात आयबीचाच निवृत्त अधिकारी गेला होता, आणि तत्कालीन उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी जानेवारी २०१० मध्ये संसदीय देखरेखीची बाजू मांडली ती ‘रॉ’ या परदेशी गुप्तवार्तेच्या संस्थेचे संस्थापक रा. ना. काव यांच्या स्मृतिव्याख्यानात.

शिवाय देखरेख फक्त अतिरेक थांबवण्यासाठी नसते, अपयशातून शिकण्यासाठीही असते. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर राज्याने राम प्रधान समिती नेमली, पण तिची चौकट राज्याच्या यंत्रणेपुरती होती. केंद्रीय गुप्तचर यंत्रणांना काय कळले होते आणि ते पुढे का पोचले नाही, याची संसदीय चौकशी झाली नाही. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेच्या दोन्ही गुप्तवार्ता समित्यांनी संयुक्त चौकशी करून अहवाल दिला. मुंबईत गेलेल्या १६६ जणांच्या कुटुंबांना तसे उत्तर मिळायला हवे होते.

कच्चा मसुदा शोधायला लांब जावे लागणार नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक आणले होते. ते स्वतः तेव्हा सत्ताधारी बाकांवर होते, तरी ते कायदा होण्याच्या जवळपासही पोचले नाही. सरकारच्या मनात असले तर उशीर लागत नाही, हे राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) कायद्याने दाखवले आहे. २००८ च्या हल्ल्यानंतर महिन्याच्या आत तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला होता.

माझी मागणी अशी की, आयबीची कामे, मर्यादा आणि उत्तरदायित्व ठरवणारे विधेयक सरकारने स्वतः मांडावे आणि ते संयुक्त समितीकडे पाठवावे. त्यात संसदीय समितीला कागद पाहण्याचा आणि अधिकाऱ्यांना बोलावण्याचा हक्क असावा, आणि पाळतीच्या आदेशांच्या छाननीत न्यायाधीश असावा. त्याला वेळ लागेल, हे समजते. तोवर एक गोष्ट मात्र या अधिवेशनातच होऊ शकते. वर्षभरात केंद्राने पाळतीचे किती आदेश काढले, पुनर्विलोकन समितीच्या किती बैठका झाल्या आणि तिने किती आदेश रद्द केले, हे तीन आकडे संसदेच्या पटलावर ठेवा. कोणाचे नाव नको, कोणती मोहीम नको. ब्रिटन आणि अमेरिका असे आकडे दरवर्षी छापतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या मंत्रालयाचा निर्णय पुरेसा आहे.

आपला,
एक नागरिक