पेंट प्रोटेक्शन फिल्म: दगडांसाठी विकली, दगडांचं कारण देऊन नाकारली

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘ऑफ-रोड पॅकेज’मध्ये बसवलेली सदोष फिल्म काढून नवी बसवून मिळण्याबाबत आणि खराब झालेला रंग दुरुस्त करून मिळण्याबाबत.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलणं झालं आणि पाचव्यांदाही उत्तर मिळालं नाही, म्हणून हे लेखी देत आहे. पीपीएफ, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, काय असते हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमचा धंदाच तो आहे. थेट मुद्द्यावर येतो.

ठाण्यातल्या तुमच्या सेंटरने आठ महिन्यांपूर्वी दिलेल्या बिलावर ‘टीपीयू फिल्म, २०० मायक्रॉन, ऑफ-रोड पॅकेज, कडा आत वळवून’ असं स्पष्ट लिहिलं आहे (टीपीयू म्हणजे लवचिक पॉलियुरेथेन प्लास्टिक, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). त्यात बोनेट, पुढचा बंपर, चारही फेंडर, दरवाज्यांचा खालचा अर्धा भाग, दरवाज्यांखालचे सिल आणि आरसे येतात. पिवळेपणा, भेगा आणि कडा सुटणं यांवर पाच वर्षांची वॉरंटी आहे.

आधी कडांचं सांगतो, कारण सगळं नुकसान तिथूनच सुरू झालं. चारही चाकांच्या कमानींवर फिल्म कडेपासून चार ते पाच मिलीमीटर आत कापून संपवली आहे. कुठेही पत्र्याच्या कडेवरून आत वळवलेली नाही. गाडीला ऑल-टेरेन टायर आहेत हे काम घेताना तुमच्या माणसाने पाहिलं होतं. त्या टायरच्या खाचांत खडी अडकते आणि वेग आला की सुटून मागे फेकली जाते. पुढच्या चाकाची खडी आपल्याच गाडीच्या सिलवर, दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यावर आणि मागच्या फेंडरच्या पुढच्या कडेवर बसते. बोनेटवर येतो तो पुढच्या किंवा समोरच्या गाडीचा दगड. त्यामुळे ऑफ-रोड गाडीला बोनेटपेक्षा खालचा पट्टा जास्त महत्त्वाचा असतो. नेमका तोच तुम्ही उघडा ठेवलात. मागच्या दोन्ही फेंडरचा खालचा, हातभर लांबीचा भाग तर बिलात असूनही फिल्मशिवाय आहे. तिथे आज अकरा टवके उडालेले आहेत. त्यांतले चार थेट पत्र्यापर्यंत गेले आहेत आणि त्यांवर गंज धरला आहे.

आत वळवलेली नसलेली कड पावसाळ्यात काय करते, हे तुमच्या फिटरला माहीत असायला हवं. माळशेज किंवा मुरबाडकडचा लाल चिखल त्या कडेखाली शिरतो, वाळतो आणि त्यातली बारीक रेती तिथेच राहते. गाडी चालताना उचललेली कड फडफडते आणि ती रेती क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, सँडपेपरसारखी घासते. वर खाडीचा दमट, खारा वारा. म्हणजे फिल्म नसती तर जो भाग निदान धुऊन कोरडा झाला असता, तो आता आठ-आठ दिवस ओला राहतो. गाडीच्या खालच्या कडेला बसवलेल्या काळ्या प्लास्टिक पट्ट्यांचं, म्हणजे क्लॅडिंगचंही तेच. क्लिप काढून क्लॅडिंग बाजूला करायचं, फिल्म त्याच्याखाली न्यायची आणि मग क्लॅडिंग परत बसवायचं, ही साधी रीत आहे. तुमच्या लोकांनी मडफ्लॅपचा एक स्क्रूसुद्धा सोडवला नाही. क्लॅडिंगला टेकवून ब्लेड फिरवली आणि फिल्म तिथेच संपवली.

ब्लेडवरून आठवलं. बोनेटच्या डाव्या बाजूला, हेडलॅम्पच्या वर, साधारण १४ सेंटीमीटरची सरळ रेघ आहे. नख फिरवलं की अडकतं. फिल्म प्लॉटरवर, म्हणजे मापाने कापणाऱ्या यंत्रावर, कापून न आणता गाडीवरच कापली आणि ब्लेड क्लिअर कोटमध्ये उतरली, तिची ती खूण आहे. कंपनीतून आलेल्या गाडीचा सगळा रंग, म्हणजे ईडी कोट (पत्र्यावरचा गंजरोधक थर), प्रायमर, बेस (मूळ रंगाचा थर) आणि क्लिअर मिळून, साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो. एवढ्या थरावर ब्लेड दाबायला जागा नसते.

आता जाडी. रंगाची जाडी मोजायच्या यंत्राने, शून्य जुळवून, त्याच दरवाज्यावर फिल्म नसलेल्या भागावर पाच ठिकाणी आणि फिल्मवर पाच ठिकाणी मोजलं. उघड्या रंगाची सरासरी ११८ मायक्रॉन आली, फिल्मसकट २६६. म्हणजे फिल्म १४८ मायक्रॉन. ‘२०० मध्ये गोंद धरलेला नसतो’ असं कुणी म्हणेल, तर यंत्र गोंद आणि वरचा कोट धरूनच मोजतं, आकडा २०० च्या वर यायला हवा होता. ‘ताणल्यामुळे पातळ झाली’ असंही म्हणता येणार नाही. दरवाज्याच्या मधल्या सपाट भागावर फिल्म ताणावी लागत नाही.

शिवाय ती टीपीयू वाटत नाही. चांगल्या टीपीयू फिल्मच्या वरच्या कोटवरचे बारीक ओरखडे गरम पाण्याने किंवा उन्हाने भरून येतात. आरपार चिरलेली फिल्म जुळत नाही, तेवढी अपेक्षाही नाही. पण इथे केसाएवढा ओरखडाही तासभर उन्हात ठेवून आणि वर गरम पाणी ओतून जसाच्या तसा आहे. गाडी पांढरी आहे. आठ महिन्यांत बोनेटवरची फिल्म छताच्या रंगाशेजारी पिवळट दिसते. ही लक्षणं स्वस्त पीव्हीसीची आहेत. टीपीयूचे पैसे घेतलेत, तर रोलचा बॅच नंबर आणि खरेदीचं चलन दाखवा. तीन वेळा मागितलं, मिळालं नाही.

आणि आता आजचा फोन. हा भाग तुम्ही स्वतः रेकॉर्डिंगवर ऐका.

तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधीचं पहिलं वाक्य होतं, “सर, ऑफ-रोड गाडी आहे, दगड तर लागणारच.” विचारलं, मग फिल्म कशासाठी लावली? उत्तर आलं, “स्क्रॅचसाठी.” पॅकेजला ऑफ-रोड नाव का दिलं? “ते मार्केटिंगला विचारा.” वॉरंटीत बाह्य आघात वगळला आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. त्यांना शांतपणे सांगितलं, की फिल्मला भोक पडलं म्हणून तक्रार नाही. तक्रार आहे जिथे फिल्म लावलीच नाही त्या जागेची आणि सुटलेल्या कडांची, आणि कडा वॉरंटीत आहेत. त्यांनी फोन होल्डवर टाकला. चार मिनिटांनी परत येऊन म्हणाले, “सरांशी बोललो, गुडविल म्हणून वरून सिरॅमिक कोटिंग फ्री मारून देतो.” सिरॅमिकचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, पण खडीपुढे तो काहीच नाही. सुटलेल्या कडांवर सिरॅमिक मारून काय साधणार, असं विचारल्यावर हे गृहस्थ म्हणाले, “एवढीच काळजी असेल तर गाडी डोंगरात नेऊ नका. लोक गाडी घेतात आणि सोसायटीत कव्हर घालून ठेवतात.”

दगडांपासून संरक्षण विकणारी कंपनी ग्राहकाला गाडी झाकून ठेवायला सांगते. हे ऐकून राग आला आणि वाईटही वाटलं, कारण तुमच्या नावावर विश्वास ठेवून दुसऱ्या दोन दुकानांपेक्षा जास्त पैसे मोजले होते. आणि डोंगर कशाला? गायमुख घाटातले खड्डे, शिळफाट्यावरची उखडलेली खडी, तुर्भ्याकडून भरून येणारे डंपर, हे रोजचे रस्ते आहेत. ताशी ४० ऐवजी ८० च्या वेगाने दगड बसला की आघाताची ऊर्जा चौपट होते. डंपरमागे महामार्गावर उडालेला खडा डोंगरातल्या खड्यापेक्षा जास्त खोल जातो. दगडासाठी घेतलेली फिल्म दगडाचं कारण देऊन नाकारता येत नाही, हे पुन्हा लिहितो.

मागणी अशी. सगळी फिल्म तुमच्या खर्चाने काढा. काढताना साधारण ६० अंशांपर्यंत गरम करा, अगदी कमी कोनात, सावकाश ओढा. घाईत ओढली तर टवक्यांच्या कडेचा सैल रंग सोबत येईल आणि तोही तुमच्याच खात्यावर जाईल. गंज पूर्ण काढून, टवक्यांच्या कडा घासून उतरत्या करून, पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, मग बेस आणि क्लिअर. ब्लेडची रेघ पॉलिश करून लपवू नका. आधी तिथली जाडी मोजून दाखवा, क्लिअर शिल्लक नसेल तर बोनेट रंगवा. नव्या रंगावर निदान ३० दिवस फिल्म लावू नका, आतलं थिनर बाहेर पडलं नाही तर फिल्मखाली फुगे येतात. त्यानंतर खरी टीपीयू, रोल समोर उघडून, प्लॉटरवर कापलेली, लॅम्प, मडफ्लॅप आणि क्लॅडिंग सोडवून, कडा पाच-सहा मिलीमीटर आत वळवून आणि शेवटी गरम करून बसवलेली हवी. सिलच्या खालच्या अंगाला रबराइज्ड स्टोनगार्डचा थर हवा, कारण तिथे वाकून कुणी बघत नाही आणि मार सगळ्यात जास्त तिथेच असतो.

हे पंधरा दिवसांत लेखी मान्य झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ठाणे जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत अजून बरीच शिल्लक आहे. बिल, जाडीच्या नोंदी आणि प्रत्येक कडेचे पट्टी ठेवून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

तपासणीला माणूस पाठवायचा असेल तर फिल्म बसवणारा पाठवा, विक्रीवाला नको. जाडीचं यंत्र त्याने स्वतःचं आणावं. कडांखालचा चिखल धुतलेला नाही, तो जसा आहे तसाच दाखवीन.

आपला ग्राहक,
ठाणे (पश्चिम)