मायची सीडी

अमळनेर,
१८ मे

प्रिय नाना,

कसा शेस भो?

परवा फोनवर तू म्हणालास, घर आवरताना सीडींचा खोका निघाला, पोरगा म्हणतो भंगारात द्या, माझं मन होत नाही. वर विचारलंस, "आप्पा, तुझ्या तीनशे सीडी अजून वाजतात, माझ्यातल्या निम्म्या अडकतात. तू करतोस तरी काय?" मी लाइट गेल्याचं निमित्त केलं आणि फोन ठेवला. लाइट गेली नव्हती. तुझ्या मायच्या गाण्यांची सीडी तेव्हा माझ्यासमोर टेबलावर होती.

तुला वाटतं ती तुझ्या नाशिकच्या बदलीत हरवली. हरवली नाही. २००६ साली मी ऐकायला नेली आणि माझ्या हातून ती खराब झाली. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी "बघतो" म्हणालो. आता तू सीडी जपायचं मलाच विचारतोस म्हटल्यावर हे आधी सांगायला हवं.

आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाची ती रात्र तुला आठवत असेलच. तू टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या फडताळात लपवला होतास, माय लाजेल म्हणून. त्यामुळे दर गाण्यामागे रोट भाजणाऱ्या बायांचा गलका आहे आणि मधूनच परातीचा आवाज. पुढे माय गेली, कॅसेट घसरायला लागली, आणि २००४ मध्ये आपण दोघं ती घेऊन एका दुकानात गेलो. अकरा गाण्यांची सीडी झाली. एकच केली, दुसरीचे पैसे वाचवले. कॅसेट मात्र त्या दुकानदारानं फितीचा गुंता करूनच परत दिली होती.

मी सीडी घरी आणली आणि माझ्या ढिगात मिसळू नये म्हणून तिच्यावर नाव घातलं. मांडीवर वही, वहीवर सीडी, हातात बॉलपेन. गुळगुळीत पाठीवर पेन उमटेना, म्हणून दाबून दाबून, कडेकडेनं गोल वळवत लिहिलं: 'नानाच्या मायची कानबाई'. अक्षर छान आलं होतं. रात्री लावली. नऊ गाणी नीट, दहावं तोतरं बोलायला लागलं, अकराव्याला प्लेअर नुसताच घुरघुरला. काढून खाली बघितलं तर आरशासारखी लख्ख. एक ओरखडा नाही. मी प्लेअरला शिव्या दिल्या, त्याची लेन्स पुसली, दुसऱ्याचा प्लेअर आणला. कारण कळायला मला तीन-चार वर्षं गेली.

आपण सगळे सीडीची चमकती बाजू जपतो ना? टेबलावर ठेवताना चमकती बाजू वर आणि छापील बाजू खाली घासत. ते उलटं आहे. सीडी सव्वा मिलिमीटरभर जाड, नेमकी १.२. ही जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची. गाणं असतं त्याच्या वरच्या टोकाला, छापाच्या लगेच खाली. त्यावर चांदीसारखा दिसणारा, बहुधा ॲल्युमिनियमचा, पातळ मुलामा, वर लाखेचा एक हात आणि मग छपाई. लाखेचा तो थर माणसाच्या केसाहूनही पातळ. म्हणजे खालून गाण्याला मिलिमीटरभर जाड भिंत आणि पाठीवर नुसता पापुद्रा. मी त्या पापुद्र्यावर बॉलपेन फिरवला.

आणि शेवटचीच गाणी का गेली? सीडी आतून सुरू होते आणि बाहेर संपते, रेकॉर्डच्या उलट. मी नाव घातलं कडेला, आणि कडेला अकरावं गाणं होतं. मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं, तिथे गाणं नसतंच. आता मी लिहितो ते तिथेच, पाण्याच्या शाईच्या मऊ पेनानं.

चमकत्या बाजूचे बारीक ओरखडे त्या मानानं माफ असतात. लेसरची नजर त्या भिंतीच्या पलीकडे लागलेली असते. खालच्या पृष्ठभागावर तो झोत सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाऊन सुईच्या टोकाहून बारीक होतो. चष्म्याच्या काचेवर धुळीचा कण असला तरी तू पेपर वाचतोसच की, तसं.

पण ओरखड्याओरखड्यात फरक आहे, आणि तो शेतकऱ्याच्या पोराला कपाशीवरून लगेच कळेल. सीडीवरची गाण्याची रेघ म्हणजे एकच लांबच लांब तास, पेरणीची ओळ, आतून बाहेर गोल गोल गेलेलं, पाच किलोमीटरच्या वर. दोन तासांमधलं अंतर इतकं कमी की एका मिलिमीटरात सहाशेहून जास्त ओळी बसतात. आता वावरातून बकरी आडवी गेली तर दर ओळीतलं एखादं झाड तुडवलं जातं. नांग्या भरल्या, म्हणजे गेलेल्या झाडांच्या जागी नवी लावली, की शेत पुन्हा सारखं. पण बैल तासातासानं चालत गेला तर अख्खी ओळ साफ, मग कशावरून काय भरणार? प्लेअरही नांग्या भरतो. गाण्याची माहिती मुद्दामच तुकडे करून विखुरलेली असते, त्यामुळे रेघेवर सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी तो हिशेबानं जसाच्या तसा परत काढतो. त्याहून थोडं जास्त गेलं तर शेजारचे सूर बघून अंदाजानं भरतो, आणि आपल्या कानाला कळतही नाही. त्यापलीकडे मात्र अडकतो.

म्हणून सीडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ. आपण काय करायचो? तोंडाची वाफ द्यायची आणि बनियनच्या टोकानं गोल गोल घासायचं. म्हणजे दरवेळी बैलच सोडायचो.

आपल्याकडची धूळ तर विचारू नकोस. धाब्याच्या घरात वरून माती झरायची आणि आई रोज फडताळ झटकायची, ते दिवस गेले. स्लॅब आला, पण उन्हाळ्यातली वावटळ अजून खिडकीच्या फटीतून येते आणि दोन दिवसांत टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. ही माती कोरडी पुसली की तीच ओरखडे काढते. मी आधी नळाखाली धरतो. फारच मळकट असेल तर भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, बोटाच्या पेरानं मधून कडेला, पुन्हा पाणी, आणि चष्म्याच्या मऊ फडक्यानं टिपून घ्यायचं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यातलं काही लावू नकोस, प्लास्टिक कायमचं धुरकट होतं.

ऊन दुसरा वैरी. पंचेचाळीस डिग्रीला सीडी वितळत नाही, पण तिच्या सोबतीचं सामान बिघडतं. मी एकदा शंभर सीडींचं चेनचं पाकीट माळ्यावर ठेवलं होतं, जागा वाचते म्हणून. जूनमध्ये उघडलं तर मऊ प्लास्टिकचे कप्पे सीडींना चिकटलेले. ओढून काढल्या तर चार-पाच सीडींवर कप्प्याची खडबडीत नक्षी उतरलेली. त्यात भीमसेनांची एक होती. तेव्हापासून पाकिटं बंद. कडक डबीत सीडी फक्त मधल्या दातांवर तोललेली असते, तिच्या अंगाला कशाचा स्पर्श नसतो. डबी फुटली तर नुसती डबी बदल. काढताना मधले दात बोटानं दाब, मग कडेनं उचल. आपण दात न दाबता सीडी वाकवून उपटायचो, त्यानं भोकापासून बारीक तडे जातात. असा तडा गेलेली सीडी कॉम्प्युटरच्या वेगवान ड्राइव्हमध्ये घालू नकोस, आतच तुकडे होऊ शकतात.

घरी भरलेल्या सीडी विकतच्या सीडींहून नाजूक. विकतच्या सीडीत गाणं म्हणजे बारीक बारीक खड्डे, साच्यातून ठोकलेले. आपण भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि लेसर त्यावर डाग पाडतो. तो रंग उन्हानं उडतो, खिडकीत ठेवलेल्या कॅलेंडरसारखा. त्या कपाटात, अंधारात ठेव. आणि त्यांच्यावर कागदी स्टिकर असतील तर असू देत! माझ्या धाकटीच्या लग्नाच्या सीडीवरचा स्टिकर वाकडा होता म्हणून मी नखानं सोलला. स्टिकरबरोबर चांदीही आली. आठ आण्याएवढ्या जागेतून पलीकडची भिंत दिसत होती. बायको काही बोलली नाही, नुसती त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून मी जुनी सीडी हातात घेतली की आधी दिव्यासमोर धरतो. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर पाठ गेली समज. त्याला औषध नाही.

टूथपेस्टचं विचारशील. खालच्या वरवरच्या ओरखड्याला थोडी लागू पडते, कारण ती बारीक पॉलिश पेपरचंच काम करते. पांढरी पेस्ट हवी, जेल नको, मधून कडेला हलक्या हातानं, मग भरपूर पाणी. मी जुन्या अहिराणी व्हीसीडींवर हात बसवला, बसस्टँडवर वीस रुपयांना मिळायच्या त्या. एक सुधारली, एक आणखी पांढरट झाली. किशोरीताईंच्या सीडीला मी पेस्ट लावणार नाही.

तुझ्या खोक्याचं असं कर. भंगारात काही देऊ नकोस. सगळ्यात आधी घरी भरलेल्या सीडी वेगळ्या काढ आणि त्या कॉम्प्युटरवर उतरवून घे, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह घे. वेग कमी ठेव. एमपीथ्री नको, फ्लॅक नावाच्या प्रकारच्या फाइली कर. तासाभराची सीडी सहाशे एमबीच्या आसपास असते, ती साधारण निम्म्यावर येते आणि सूर मात्र एक कमी होत नाही. दोन ठिकाणी ठेव. पोरालाच बसव या कामाला, म्हणजे भंगाराची भाषा थांबेल.

मायच्या सीडीवर मी गेला महिनाभर हेच केलं. तीन वेगवेगळे ड्राइव्ह लावले, कारण एकाला जे वाचता येत नाही ते कधीकधी दुसऱ्याला येतं. खराब जागा पुन्हा पुन्हा वाचणारं एक सॉफ्टवेअर आहे, ते रात्रभर लावून झोपायचो. दहावं गाणं पूर्ण आलं, मध्ये दोनदा टकटक आहे तेवढीच. अकरावं दोन कडवी आलं. दुसरं संपतं, परात वाजते, कुणीतरी हसतं, माय पुढची ओळ घ्यायला श्वास घेते. तिथे माझं अक्षर सुरू होतं.

ते तिसरं कडवं तुला येतं का? तुला नसेल तर अक्काला विचार, ती मायच्या मागून म्हणायची, तिचाही आवाज आहे त्यात. नुसते शब्द पाठवलेस तरी चालेल. अक्काला फोनवर म्हणायला लावून भरून घेता आलं तर फारच बरं.

सीडी मी पोस्टानं पाठवत नाही. श्रावणात कानबाईला ये आणि हातानं घेऊन जा. मला काय बोलायचं ते तेव्हाच बोल, वहिनींसमोर बोललास तरी चालेल. तुझा खोकाही घेऊन ये, दोघं मिळून धुऊ. गाडीत मात्र सीडी उभ्या रचून आण, आडव्या नको, आणि खोका उन्हाच्या बाजूला ठेवू नकोस.

तुझा,
आप्पा