यकृताच्या माथी मारलेला ऑक्सिजन

आदरणीय ताई,

सा. न.

निरोपाच्या दिवशी तुम्ही कुणालाच बोलू दिलं नाहीत. "भाषणं नकोत, सेव-उसळ मागवा," म्हणालात. माझे आभार तसेच राहिले, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते आहे. प्रयोगशाळेत तुम्ही सगळ्यांच्या 'बेन'. पण एकदा फोनवर तुम्हाला आईला मराठीत "औषध घेतलंस का गं?" विचारताना ऐकलं आणि तेव्हापासून माझ्यापुरत्या ताई झालात.

माझं नोकरीतलं पहिलं उत्तरायण तुम्हाला आठवत असेल. १४ जानेवारी, अख्खं बडोदं अगाशीवर, आणि मी मास स्पेक्ट्रोमीटरसमोर, म्हणजे रेणूंचं वजन सांगणाऱ्या यंत्रासमोर. यकृताचे मायक्रोसोम (पेशी कुटून काढलेले एन्झाइमवाले तुकडे) औषधाबरोबर ३७ अंशांवर ठेवले होते, थंड अ‍ॅसिटोनायट्राइल घालून क्रिया थांबवली होती, आणि पडद्यावरच्या आलेखात एक देखणं पीक, म्हणजे शिखर, आलं होतं. मूळ औषधापेक्षा वजन बरोबर १६ने जास्त. म्हणजे ऑक्सिजन चिकटला, म्हणजे सायटोक्रोम पी-४५०चं, यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमचं काम, म्हणजे मेटाबोलाइट (शरीराने औषधाचं केलेलं रूप) सापडला! बुधवारच्या मीटिंगची स्लाइडसुद्धा मी तयार करून टाकली होती, बाणाबिणांसकट.

तुम्ही उंधियूचा डबा घेऊन आलात. पीक पाहिलंत, आणि एवढंच विचारलंत, "एनएडीपीएच न घातलेली नळी कुठाय?"

ती मी लावलीच नव्हती. मायक्रोसोम महाग, म्हटलं वाचवू. तुम्ही रागावला नाहीत. डबा बाजूला ठेवलात आणि आपण ती नळी लावली. एनएडीपीएच म्हणजे पी-४५०चं इंधन, त्याशिवाय ते हातपाय हलवत नाही, तरी पीक आलं, तेवढंच उंच. आमच्या रेणूत गंधक होता. द्रावण दोन दिवस खिडकीपाशी पडून होतं, आणि गंधकाला ऑक्सिजन हवेनेच दिला होता. यकृताचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

मला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात, "थांब, शेजारी बघ." त्या पिकाच्या पायथ्याशी एक बारकं पीक होतं, तेही +१६, पण एनएडीपीएच असलेल्या नळीतच. वजन दोघांचं सारखं, मग फरक कसा कळायचा? तुम्ही साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरून रन लावलात. (जड पाण्याचा प्रकल्प आपल्याच गावाबाहेर, फर्टिलायझरनगरजवळ. आपली बाटली कुठून आली होती कोण जाणे.) मोठ्या पिकाचं मूळ औषधापासूनचं अंतर १६च राहिलं, बारक्याचं १७ झालं. त्यात नवा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आला होता आणि त्याचा हायड्रोजन जड पाण्यातल्या ड्यूटेरियमशी, म्हणजे एकाने जड हायड्रोजनशी, अदलाबदल करत होता. खरा मेटाबोलाइट तो. ओएच नेमका कुठल्या कार्बनवर, ते पुढे एनएमआरने, रेणूची रचना दाखवणाऱ्या दुसऱ्या तंत्राने, सांगितलं. मास स्पेक्ट्रोमीटर वजन सांगतो, पत्ता नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

बुधवारी तुम्ही मला दोन्ही पिकं दाखवायला लावलीत. वरून कुणीतरी कंट्रोलबद्दल, म्हणजे त्या न लावलेल्या तुलनेच्या नळीबद्दल, खवचट बोललं, तेव्हा "नवीन मुलीला सांगणं माझं काम होतं" म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत. खरं तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं. हे आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर कबूल करते.

तुम्ही सांगितलेली टर्फेनाडिनची गोष्ट मी अजून नव्या मुलांना सांगते. अ‍ॅलर्जीचं औषध, वजन सुमारे ४७१. पोटात गेलं की सीवायपी३ए४ (पी-४५० कुळातलंच एक एन्झाइम) त्याच्या एका मिथिलचं कार्बोक्सिलिक आम्ल करून टाकतं, वजन ५०१ होतं, आणि गुण येतो तो मुख्यतः त्या ५०१ मुळे. सोबत कीटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध घेतलं की एन्झाइम अडतं, ४७१ रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. शेवटी अमेरिकेतल्या बाजारातून ते १९९८ साली गेलं. ५०१ म्हणजे फेक्सोफेनाडिन, माझी आई शिंका सुरू झाल्या की घेते तीच गोळी. तिला एकदा हे सगळं समजावलं, तर म्हणाली, "मग आधीच तयार करून का नाही दिली?" तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती वेळ हसत होतात.

आणि हो, वजन कितीने बदललं म्हणजे रेणूत काय घडलं, याची तुमची निळी वही माझ्याकडे आहे. −१४ मिथिल गेलं, +८० सल्फेट, +१७६ ग्लुकुरोनाइड, +३०५ ग्लुटाथायोन चिकटलं; आणि +१२ पुढे तुमचा शेरा, "औषधाचा दोष नाही, मिथेनॉलचा चावटपणा." निरोपाच्या दिवशी परत करणार होते. मुद्दाम केली नाही. हवी असेल तर झेरॉक्स आणून देते, दांडिया बाजारात तुमच्याकडे, चहाच्या वेळी.

तुमची,
कंट्रोल न लावणारी