सीप्झच्या फाटकाआडचं चर्च लोकांना परत द्या

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार

महोदय,

मुंबईत अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या निर्यात उद्योगांच्या कुंपणबंद वसाहतीत, दागिन्यांच्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांमध्ये, एक पडकं चर्च उभं आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचं. पोर्तुगीज अमलात जेझुइट पाद्र्यांनी ते 1579 साली बांधलं. शिवरायांच्या जन्माच्या 51 वर्षं आधी. सीप्झ आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

हे काही एखाद्या सरदाराचं खासगी प्रार्थनागृह नव्हतं. आसपासच्या पाड्यांचं ते पॅरिश चर्च, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती वस्तीचं चर्च होतं. साष्टी बेटातल्या शेतकऱ्यांची पोरं इथे बाप्तिस्मा घ्यायची, लग्नं इथेच लागायची. मधल्या काळात साष्टीवर मराठ्यांचा अंमल आला, मग इंग्रजांचा. चर्च चालूच राहिलं. 1840 मध्ये साथ आली तेव्हा लोकांनी जागा सोडली आणि पॅरिश मरोळला हललं. त्या लोकांचे वंशज, आम्ही ईस्ट इंडियन म्हणवणारे इथले मूळचे ख्रिस्ती, आजही मरोळ-कोंडिविट्यात राहतो आणि घरात मराठीच बोलतो. एरवी अशा पडक्या वास्तूंचं मूळ गावच उठून गेलेलं असतं. इथे गाव जागेवर आहे, आणि वास्तूच त्याच्या हाताबाहेर गेली आहे.

1973 मध्ये सीप्झ सुरू झालं आणि चर्च कुंपणाच्या आत राहिलं. आता वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी, तिथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना होते. ज्या भिंतींना छप्पर उरलेलं नाही त्यांच्यामध्ये वेदी मांडतात, लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या बायका नातवंडांचा हात धरून येतात. बाकीचं वर्षभर पास नसेल तर फाटकातूनच परत फिरायचं. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही तेच.

सुरक्षेची अडचण मला समजते. हा करमुक्त निर्यातीचा भाग आहे, आत सोनं आणि हिरे आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती व्हायलाच हवी. पण त्यावर तोड आहे. महिन्यातला एक रविवार ठरवावा, आधी नावं नोंदवून घ्यावीत, ओळखपत्र तपासावं, सोबत सुरक्षारक्षक देऊन फाटकापासून चर्चपर्यंत एकच वाट खुली ठेवावी. पुढेमागे कुंपणच थोडं आत सरकवून चर्चला बाहेरून स्वतंत्र दार देता येईल का, तेही मोजणी करून पाहावं. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च कोणीही जाऊन पाहतो. इथून जवळच्या महाकाली लेण्यांत, म्हणजे कोंडिविट्याच्या 19 बौद्ध लेण्यांतही, लोक जातात. मेट्रोचं सीप्झ स्टेशन सुरू झाल्यापासून तर इथवर पोहोचणं कुणालाच अवघड राहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे. उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावर पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. दोन दगडांमधल्या चुन्यात मूळ शिरतं, आधी दोऱ्याएवढं, काही वर्षांत मनगटाएवढं, आणि दगड जागचा हलतो. मग त्या फटीत पावसाचं पाणी जातं आणि उरलासुरला चुना धुऊन नेतं. अशा भिंतीवरचं झाड ओढून काढलं तर दगडही सोबत येतो. ते बुंध्याशी कापून, मूळ मारून, फटीत चुन्याचाच गिलावा भरावा लागतो. सिमेंट तर अजिबात चालत नाही. ते ओल आत कोंडून ठेवतं आणि जुना दगड आतून खराब होतो. हे काम रस्त्याच्या कंत्राटदाराचं नाही. जुन्या वास्तूंचं जतन शिकलेल्या माणसांच्याच हाती ते द्यायला हवं, आणि त्याआधी प्रत्येक भिंतीची मोजमापं, नकाशे, फोटो झाले पाहिजेत. आज एखादी कमान कोसळली तर ती होती तशी उभी करायला हाताशी नेमकं रेखाटन हवं.

फरशी मात्र कोणी उकरू नये, ही हात जोडून विनंती. त्या काळी मयत चर्चच्या आतच पुरायची रीत होती. जमीन सारखी करायला एकदा जेसीबी फिरला, तर आमच्या पूर्वजांची हाडं आणि चार शतकांचा पुरावा एकदमच जाईल.

या वास्तूच्या देखभालीची जबाबदारी नेमकी कोणत्या कार्यालयाची, खर्च कोण करणार, झाडं कोण काढणार, हे आपण लेखी ठरवून जाहीर करावं. त्यासाठी सीप्झचे विकास आयुक्त, पुरातत्त्व खातं, मुंबईचं आर्चडायोसिस (कॅथलिक धर्मप्रांत) आणि मरोळ-कोंडिविट्याचे गावकरी यांची एक बैठक आपण बोलवावी. संत योहानाचा सण 24 जूनला असतो, तोवर पाऊस सुरू झालेला असतो. भिंतींची पाहणी आणि झाडांची छाटणी त्याच्या आत, उन्हाळ्यातच व्हायला हवी. बैठकीची तारीख कळवावी, आम्ही गावकरी येऊ.

आपला विश्वासू,
मरोळचा एक ईस्ट इंडियन रहिवासी