खांद्याच्या इंजेक्शनबद्दल मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

तुझा एक्स-रे आणि वहिनींनी पाठवलेला व्हिडिओ, दोन्ही नीट पाहिले. कोपर बरगडीला टेकवून हात बाहेर वळवताना डावा सहज उघडतो आणि उजवा चार बोटं सरकून अडतो. डॉक्टरांनी धरून वळवला तरी तिथेच अडतो, हे फार महत्त्वाचं आहे. नुसता टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटला असता तर तुला स्वतःला हात उचलता आला नसता, पण दुसऱ्याने धरला की तो वर गेला असता. त्यात एक्स-रे स्वच्छ. तेव्हा हा फ्रोझन शोल्डरच, म्हणजे आखडलेला खांदा. हे नाव कॉडमन या अमेरिकन सर्जनने १९३४ मध्ये दिलं, आणि आजार तेव्हापासून तसाच चिवट आहे: सांध्याभोवतीचं पिशवीसारखं आवरण आधी सुजतं, मग जाड होऊन आकसतं. तुझ्यासारख्या मधुमेह्यांना तो जास्त होतो आणि जास्त रेंगाळतो. थायरॉइडशीही त्याचा संबंध आहे, म्हणून रक्त देशील तेव्हा टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही करून घे.

तू विचारलंस, स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं की फिजिओ करावी. यात ‘की’ नाहीच. तुला तिसरा महिना चालू आहे, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, म्हणजे सूज अजून ताजी आहे. स्टेरॉइड सूज उतरवतं, त्याचा उपयोग होतो तो याच काळात. वर्षभराने दुखणं संपून नुसता आखडलेपणा उरला की त्याच सुईचा फायदा फार थोडा. पण तिने मिळतात ते कमी दुखण्याचे काही आठवडे. त्या आठवड्यांत हात हलवला नाहीस तर औषध उतरेल आणि खांदा होता तिथेच राहील.

भूल देऊन हात मोकळा करण्याची किंवा दुर्बिणीने आवरण सोडवण्याची घाई करू नकोस. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. या दोन्ही उपायांची तुलना त्यांनी स्टेरॉइड इंजेक्शन आणि १२ आठवड्यांत १२ वेळांपर्यंतच्या शिस्तीच्या फिजिओथेरपीशी केली. वर्षाअखेर तिन्ही गटांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक नव्हता.

आता प्रत्यक्ष इंजेक्शन. साधारणपणे ट्रायमसिनोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिली, त्यात काही मिली लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. औषध दुधासारखं पांढुरकं असतं, त्याचे कण बाटलीच्या तळाशी बसतात, म्हणून भरण्याआधी ती हलवतात. सुई बहुधा खांद्याच्या मागच्या बाजूने जाते. सोनोग्राफीवर बघून देणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम, कारण औषध सांध्याच्या आत पडायला हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अंगात ताप असेल किंवा खांद्यावर गळू-पुरळ असेल तर आधी सांग.

त्या दिवशी स्कूटर काढू नकोस. लिग्नोकेनने हात काही तास बधिर असतो, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा चुकवताना तोच हात लागतो. डबल स्टँड लावणंही आठवडाभर बंद. बधिरपणा उतरला की एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. त्याला घाबरू नकोस, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेव आणि पॅरासिटामॉल घे. खरा आराम दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्याने सुरू होतो. चेहरा लाल होऊन तापल्यासारखा वाटला तर तेही स्टेरॉइडचंच, आपोआप जातं. पण ताप आला, खांदा लाल, गरम होऊन दुखणं दर तासाला चढू लागलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठ. सांध्यात जंतू शिरणं फार विरळ, पण झालं तर उशीर परवडत नाही.

साखरेचं मात्र मनावर घे. इंजेक्शननंतर ती काही दिवस, कधी आठवडाभर चढते. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर रोज बघ, वहीत लिही, आणि किती आकडा झाला की फोन करायचा हे तुझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. गोळ्यांचा डोस स्वतः वाढवू नकोस. आत्ताच साखर फार चढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आण, मग सुई.

व्यायामातला पहिला झोक्याचा, तो दुसऱ्या दिवशीच सुरू कर. डावा हात टेबलावर टेकव, कंबरेत वाक, उजवा हात सोंडेसारखा सोड आणि अंग पुढे-मागे डोलव. एक-दोन मिनिटं पुरेत. बहुतेक जण इथेच चुकतात: हात स्नायूंनी फिरवतात. हात मेलेला हवा, अंगाच्या डोलण्याने आपोआप हलणारा.

तिसऱ्या दिवसापासून काठी. हा सगळ्यांत मोलाचा व्यायाम, कारण बाहेर वळणंच सर्वांत आधी जातं. उताणा झोप, कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये घडी केलेला नॅपकिन धर. दोन्ही हातांत काठी किंवा मिटलेली छत्री, डाव्या हाताने ढकलून उजवा बाहेर ने, ताण लागेल तिथे वीस सेकंद थांब, असं पाच वेळा. नॅपकिन पडला की समजायचं, खांदा वळला नाही, कोपर सरकलं. मग तसंच झोपून डाव्या हाताने उजवं मनगट धरून हात डोक्याकडे ने. भिंतीवर बोटं चढवणं नंतर, आणि खांदा कानाकडे उचलला जाऊ लागला की तिथेच थांबायचं. पाठीमागे टॉवेल ओढण्याचा प्रकार इतक्यात नकोच, मागच्या खिशातून पाकीट काढता येत नसलं तरी.

एकदम तासभर करण्यापेक्षा पाच-सात मिनिटं, दिवसातून चार वेळा. आधी गरम शेक दहा मिनिटं. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालेल, पण ते अर्ध्या तासात शमायला हवं. रात्री जाग आली तर दुसऱ्या दिवशी निम्मं कर. कुणी जोर लावून हात ‘सोडवून’ देतो म्हणाला तर नाही म्हण. सुजलेलं आवरण ओढलं की आणखी चिडतं. तसंच, वीस मिनिटं मशीन लावून घरी पाठवणारी फिजिओ पैसे घेते आणि तुझे ते मोलाचे आठवडे वाया घालवते. मशीनने थोडं बरं वाटेल, पण हात कुणीतरी मोजायला हवा, व्यायाम बघून दुरुस्त करायला हवा.

रविवारी सकाळी भिंतीवर बोटं पोचतील तिथे पेन्सिलची खूण कर, तारीख लिही. सहा आठवड्यांत खुणा वर सरकल्या नाहीत तर दुसऱ्या इंजेक्शनचा विचार डॉक्टरांशी कर, पण एकाच सांध्यात वर्षभरात तीन-चारच्या वर नाही. रबरी पट्ट्यांची ताकद वाढवणारी कामं हात मोकळा होईपर्यंत लांबच राहू देत.

इंजेक्शनची तारीख ठरली की कळव, आणि फिजिओची वेळ त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची आजच फोन करून घेऊन ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझाच