गुणाकाराची जाळी आधी नको

संपादक महोदय,

दोन अंकी गुणाकारात मुले अडतात ती पाढ्यांमुळे कमी, स्थानिक किमतीमुळे जास्त. ६८ × ४७ मध्ये ४७६ च्या खाली २७२ सरळ मांडून उत्तर ७४८ काढतात. ४७ मधला ४ म्हणजे ४० हे दिसतच नाही.

चौथीला आधी चौकट द्यावी. वर ६० आणि ८, डावीकडे ४० आणि ७; चार घरांत २४००, ३२०, ४२०, ५६. बेरीज ३१९६. चूक झाली तर कोणत्या घरात झाली ते लगेच सापडते.

जाळीची पद्धत त्यानंतर. तशीच चार घरे; वर ६, ८. उजवीकडे वरून खाली ४, ७. प्रत्येक घरात उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यात तिरकी रेघ. त्या घरातल्या गुणाकाराचे दशक रेघेच्या वर, एकक खाली. मग उजवीकडून तिरक्या पट्ट्यांची बेरीज : ६; २+५+२ = ९; ३+४+४ = ११, हातचा १; २+१ = ३. रेघ उलटी पडली की सगळे बिघडते. ‘दोन त्रिक सहा’ लिहिताना वर ० हवाच, नाहीतर ६ दशकाच्या जागी जाऊन बसतो. जाळी झटपट आहे खरी, पण का जमते ते मुलाला सांगत नाही. म्हणून ती आधी नको.

ही जाळी परदेशी खूळ नव्हे. आपल्याच मुरूडजवळच्या नांदगावचे गणिती गणेश दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात (१५४५) ती आहे.

पद्धत कोणतीही असो, आधी अंदाज हवा : ७० × ५० = ३५००. मग ७४८ पाटीवर टिकत नाही.

– एक गणित शिक्षक, श्रीवर्धन