नकार देणाऱ्या खेळाडूमागे उभे राहा : गोव्याच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
गोवा राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

राज्याच्या क्रीडा धोरणात एक कलम घालावे, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. वर्णद्वेषाचा गौरव करणारे स्मारक जिथे सार्वजनिक जागेत मानाने राखले जाते, अशा ठिकाणी खेळायला जो गोमंतकीय खेळाडू नकार देईल, त्याची शिष्यवृत्ती, संघातील जागा आणि सरकारी नोकरीतील क्रीडा कोट्याचा लाभ त्या नकारापायी जाणार नाही, असे ते कलम असावे. ही मागणी गोव्यापासून फार दूरची वाटण्याची शक्यता आहे, म्हणून सुरुवात आपल्या सगळ्यांच्या अभिमानाच्या एका पदकापासून करतो.

३ ऑगस्ट १९९६ रोजी अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेस यांनी ब्राझीलच्या फर्नांडो मेलिगेनी यांना हरवून टेनिसमधील कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलेल्या कांस्यपदकानंतर चव्वेचाळीस वर्षांनी एका भारतीयाला मिळालेले हे वैयक्तिक पदक. लिअँडर यांचे वडील वेस पेस यांचा जन्म गोव्यातला, त्यामुळे आनंद आमच्या घरचाच होता. मी तेव्हा फोंडा तालुक्यातील एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होतो. सोमवारी शाळा भरण्यापूर्वी दर्शनी फळ्यावर मी रंगीत खडूने ती बातमी लिहिली आणि घंटा होईपर्यंत मुले त्या फळ्यासमोरून हलली नाहीत.

सामना कुठे झाला, हे मात्र मी फळ्यावर लिहिले नव्हते, कारण ते मला तेव्हा ठाऊकच नव्हते. अटलांटा ऑलिंपिकचे टेनिस शहरात झाले नाही. ते शहराबाहेर स्टोन माउंटन उद्यानालगत उभारलेल्या केंद्रात झाले. त्या उद्यानातील प्रचंड खडकाच्या उभ्या अंगावर जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन हे तीन घोडेस्वार कोरलेले आहेत. गुलामगिरी टिकवण्यासाठी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेपासून फुटून लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचे, म्हणजे कॉन्फेडरेट पक्षाचे, हे अध्वर्यू. कृष्णवर्णीयांना जाळण्यासाठी आणि फासावर लटकवण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या कू क्लक्स क्लॅनचे पुनरुज्जीवन १९१५ साली झाले, ते याच डोंगरावर क्रूस पेटवून. शिल्पाचे काम रेंगाळत रेंगाळत १९७२ साली पूर्ण झाले, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन चार वर्षे लोटल्यानंतर. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाने पुढे कायदा करून त्याला संरक्षण दिले आणि ते आजही तिथे आहे.

त्याच १९७२ साली वेस पेस म्युनिक ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघातून कांस्यपदक जिंकत होते. त्या ऑलिंपिकच्या तोंडावर आफ्रिकी देशांनी बजावले होते की गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीखालील ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) खेळणार असेल, तर आम्ही खेळणार नाही; आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला ऱ्होडेशियाचे निमंत्रण मागे घ्यावे लागले. वडील खेळले त्या स्पर्धेत नकाराने एका वर्णद्वेषी राजवटीला दाराबाहेर ठेवले. चोवीस वर्षांनी मुलगा खेळला, तेव्हा साऱ्या जगाने त्या डोंगराशेजारी मुकाट्याने खेळून घेतले. यात लिअँडर यांना मी कणभरही दोष देत नाही. तेवीस वर्षांच्या खेळाडूने एकट्याने हे ओझे उचलावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि माझी मागणी नेमकी तिथूनच निघते.

खेळावरचा बहिष्कार पुतळा हलवू शकतो का, याचे उत्तर अमेरिकेच्याच दक्षिणेत मिळते आणि ते सरळ नाही. साउथ कॅरोलायनात विधानभवनाच्या घुमटावरचा कॉन्फेडरेट ध्वज २००० साली खाली आला, पण आवारातच कॉन्फेडरेट सैनिकाच्या स्मारकाशेजारी पुन्हा उभारला गेला. महाविद्यालयीन खेळांची शिखर संघटना असलेल्या एनसीएएने त्या राज्याला आधीपासून ठरलेल्या ठिकाणांच्या स्पर्धा देणे बंद केले. बंदी वर्षानुवर्षे चालली आणि ध्वज हलला नाही. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका वर्णद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या, त्यानंतर कुठे १० जुलैला तो उतरला. बहिष्कार पुकारला की काम झाले, असे मानणाऱ्यांनी ही मधली वर्षे विसरू नयेत.

दक्षिणेतल्याच मिसिसिपी राज्यात मात्र वेगळे घडले. तिथे राज्याच्या ध्वजावरच १८९४ पासून कॉन्फेडरेट चिन्ह होते आणि २००१ च्या सार्वमतात जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी ते राखले होते. एनसीएएची बंदी मिसिसिपीवरही होतीच; २०२० च्या जूनमध्ये तिने ती आणखी कडक केली. त्याच आठवड्यात मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू काइलिन हिल याने जाहीर केले की ध्वज बदला, नाहीतर मी या राज्याचे प्रतिनिधित्व करणार नाही. विद्यापीठांचे प्रशिक्षक राजधानी जॅक्सनमधील विधानभवनात जाऊन आमदारांना भेटले. २८ जूनला दोन्ही सभागृहांनी ध्वज बदलण्याचे विधेयक संमत केले आणि ३० जूनला राज्यपालांची सही झाली. एकशे सव्वीस वर्षांचा ध्वज गेला. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर देश पेटलेला होता, हे खरेच. पण ऐन त्या क्षणी आमदारांवर ज्यांचा दाब पडला, ते त्यांच्याच मतदारांचे लाडके खेळाडू होते. साउथ कॅरोलायनात बाहेरची संघटना दूर उभी राहून नाही म्हणत होती, मिसिसिपीत घरचा मुलगा नाही म्हणाला. माझ्या मते फरक तिथे पडला.

त्याच राज्यातील मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात १९०६ सालचा कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो राखावा म्हणून बाहेरच्या संघटनांनी गावात मोर्चा काढला. त्या दिवशी विद्यापीठाचा बास्केटबॉलचा सामना होता आणि राष्ट्रगीताच्या वेळी संघातील आठ कृष्णवर्णीय खेळाडूंनी निषेध म्हणून गुडघा टेकला. दोन आठवडे उलटले नाहीत तोच विद्यार्थी सभागृहाने पुतळा हलवण्याचा ठराव ४७ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. जुलै २०२० मध्ये तो दर्शनी जागेवरून उचलून विद्यापीठाच्याच आवारातील दफनभूमीत नेण्यात आला. फोडला नाही, वितळवला नाही. मानाच्या जागेवरून काढला.

हे शेवटचे वाक्य गोमंतकीयाला समजावून सांगावे लागत नाही. आपण हेच केले आहे. पणजीच्या आझाद मैदानावरील मंडपात एकेकाळी पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्कचा पुतळा होता. १५१० साली गोवा घेतल्यावर इथल्या मुसलमानांची कत्तल करवणारा हा माणूस राजधानीच्या मधोमध उभा होता. मुक्तीनंतर तो जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात गेला. आज मंडपात गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांचे स्मारक आहे. जुन्या गोव्यात उघड्यावर उभा असलेला पोर्तुगीज कवी कामोइंशचा पुतळाही पुढे विरोध झाल्यावर त्याच संग्रहालयात ठेवला गेला. मी दर वर्षी मुलांना तिथे नेत असे. आल्बुकर्कच्या पुतळ्यासमोर उभे राहून त्याचा इतिहास सांगताना, चौकात त्याच्या पायाशी उभे राहावे लागत नाही याचे समाधान वाटे. इतिहास पुसला जातो, ही तक्रार मला म्हणूनच पटत नाही; चौकातल्यापेक्षा संग्रहालयात मुलांनी मला जास्त प्रश्न विचारले.

आपल्या देशाने खेळाच्या मैदानावर किंमत मोजूनही दाखवली आहे. १९७४ साली सोव्हिएत संघाला हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. समोर वर्णभेदी राजवटीची दक्षिण आफ्रिका होती. विजय आणि आनंद अमृतराज यांचा तो संघ ऐन भरात होता, आणि तरीही भारताने अंतिम सामना खेळला नाही. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला गेला. पुढे १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ आंतरराष्ट्रीय मैदानावर परतला, तो कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. आधी नकार आणि मग स्वागत, दोन्ही आपल्याच दारात झाले याचा मला अभिमान आहे. पण त्या नकाराची किंमत खेळाडूंनी भरली. अंतिम फेरी अमृतराज बंधूंच्या वाट्याला पुन्हा आली ती थेट १९८७ साली, आणि तीत भारत स्वीडनकडून हरला.

किंमत कोण भरतो, हे मी फार जवळून पाहिले आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका गावात, भातकापणी झालेल्या शेतात, गावागावांची फुटबॉल स्पर्धा चालू होती. एका संघाने आफ्रिकेतून इथे शिकायला आलेला एक तरुण सामन्यापुरता खेळायला आणला होता. त्याच्या पायाला चेंडू लागला की बांधावरून एक जण ओरडे, ‘ए खापऱ्या!’ आणि लोक हसत. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गुलाम करून आणलेल्या माणसांसाठी आपल्याकडे हा शब्द रुळला. दक्षिण आफ्रिकेत त्याच मुळापासून आलेला शब्द इतका घृणास्पद मानला जातो की तो उच्चारल्याबद्दल तिथे लोकांना शिक्षा झाल्या आहेत. आपण मात्र तो सावळ्या भाच्याला चिडवताना सहज वापरतो. मीही तो लहानपणी वापरला आहे.

उत्तरार्धात त्या तरुणाने चेंडू हाताने उचलला, मध्यरेषेवर नेऊन ठेवला आणि त्यावर बसला. मग शांतपणे बुटांच्या नाड्या सोडू लागला. रेफ्रीने शिटी वाजवली, पिवळे कार्ड दाखवले, तो उठला नाही. मग त्याच्या संघातला गोलरक्षक, गावातलाच एक पोरगा, गोल सोडून आला आणि त्याच्याशेजारी मातीत बसला. एकेक करून सगळे बसले. दहा मिनिटे त्या शेतात कोणी बोलले नाही. शेवटी आयोजकांनी ध्वनिक्षेपकावरून माफी मागितली, ओरडणाऱ्याला दोघांनी हाताला धरून बाहेर नेले आणि सामना पुढे सुरू झाला. मी शाळेत वर्षानुवर्षे सांगून जे साधले नव्हते, ते दहा मिनिटांत झाले.

पण ठरलेल्या पैशांतले अर्धेच त्या तरुणाच्या हातावर ठेवले गेले आणि त्या संघाने त्याला पुन्हा कधी बोलावले नाही. ‘कटकट नको’ असे मला सांगण्यात आले. त्या दिवशी पंचांच्या टेबलाजवळ मीही बसलो होतो आणि त्याच्या उरलेल्या पैशांसाठी मी तोंड उघडले नाही. ते आज उघडत आहे.

म्हणून मागणी पुन्हा नीट मांडतो. परराष्ट्र धोरण केंद्राचे असते, भारताचा संघ कुठे खेळेल हे राज्य ठरवत नाही, याची मला जाणीव आहे. पण राज्याच्या तिजोरीतून प्रवासखर्च मिळणारे संघ, शालेय आणि महाविद्यालयीन अदलाबदलीचे दौरे, गोवा क्रीडा प्राधिकरणाचे परदेशी संस्थांशी होणारे करार, हे सर्व आपल्या अखत्यारीत आहे. २०१४ साली पोर्तुगीजभाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धांच्या निमित्ताने अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे येथील खेळाडूंचे यजमानपद आपण केले. ज्या आफ्रिकेतून माणसांना साखळदंडांत बांधून इथे आणले गेले, तिथल्या खेळाडूंचे स्वागत करणाऱ्या राज्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे. असा करार करताना समोरच्या शहरात असे स्मारक असेल, तर ते मानाच्या जागेवरून हलवावे अशी लेखी विनंती राज्याने करावी आणि तिचे उत्तर जाहीर करावे. त्या उत्तरानंतरही जावे की नाही, याचा निर्णय संघाने खेळाडूंच्या बैठकीत घ्यावा. सक्ती कोणावरही नको, जाणाऱ्यावर नको आणि न जाणाऱ्यावरही नको. मात्र न जाणाऱ्याचे गुण, निवड आणि मानधन सुरक्षित राहावे. हेच संरक्षण मैदानावर वर्णद्वेषी शिवी ऐकून खेळ थांबवणाऱ्यालाही मिळावे, मग तो गोमंतकीय असो वा परदेशी, आणि स्पर्धा सरकारी अनुदानाची असेल तर त्याचे ठरलेले पैसे पूर्ण मिळतील याची जबाबदारी आयोजकांवर असावी.

खेळात राजकारण आणू नका, असे आपल्याला सांगितले जाईल. स्टोन माउंटनवर तीन घोडेस्वार कोरण्यासाठी एका राज्य सरकारने १९५८ साली तो अख्खा डोंगर विकत घेतला. राजकारण तिथे टेनिसच्या आधीच पोचलेले होते. उद्या कोणी आपल्याकडच्या पुतळ्यांवर बोट ठेवील, हेही खरे आहे. घानाच्या विद्यापीठातून २०१८ साली महात्मा गांधींचा पुतळा हलवण्यात आला, कारण तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांविषयी केलेले लिखाण तिथल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना अपमानास्पद वाटले. मला ते वाचून वाईट वाटले, पण त्यांची तक्रार खोटी होती असे मी म्हणू शकत नाही. इतरांना जे विचारायचे, ते आपल्यालाही विचारले जाईल, याची तयारी ठेवूनच हे कलम लिहावे लागेल.

कलमाचा मसुदा मी आणि माझ्या काही निवृत्त सहकाऱ्यांनी मराठीत तयार केला आहे; कोंकणी आणि इंग्रजी प्रती आठवडाभरात होतील. आपण वेळ द्याल त्या दिवशी पणजीला येऊन तो आपल्या हाती देण्याची आमची तयारी आहे. त्या बैठकीला शेतात मातीत बसलेला तो गोलरक्षकही येणार आहे. तो आता स्वतः शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
फोंडा, गोवा